वर वचन, खाली वजन : एका ख्रिस्ती ‘शरीर आणि विश्वास’ कोर्सचा रिव्ह्यू

कोर्सचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण असल्या कोर्सेसचा साचा बहुतेक एकच असतो आणि मला त्या साच्याबद्दलच बोलायचंय. ॲपवर चालणारा सहा आठवड्यांचा कोर्स आहे, रोज बायबलमधलं एक वचन, एक छोटा ऑडिओ, लिहायला एक प्रश्न, आणि आठवड्यातून एकदा छोट्या ग्रुपचा व्हिडिओ कॉल. विषय काय, तर स्वतःच्या शरीराकडे विश्वासाच्या नजरेनं कसं बघायचं, आणि शेवटचे दोन आठवडे निःस्वार्थ प्रीतीवर. पाचपैकी तीन स्टार देतेय. पहिल्या भागाला खरं तर दोनच, शेवटच्याला चार, मधलं काय ते तुम्ही समजून घ्या.

पहिली तक्रार स्क्रीनचीच. ॲप उघडलं की वर स्तोत्र १३९, तू मला आईच्या उदरात घडवलंस, भयप्रद व अद्भुत रीतीने माझी घडण झाली वगैरे, मागे सुंदर सूर्योदय. आणि त्याच्या बरोब्बर खाली वजनाचा ग्राफ. वजन टाकलं नाही तर लाल ठिपका, टाकलं आणि वाढलेलं असलं तर बाण वर आणि त्याच्याखाली ‘धीर सोडू नका, प्रभू तुमच्याबरोबर आहे’. म्हणजे पाऊण किलो वाढलं म्हणून प्रभूला बोलवायची वेळ आली का? वरचं वचन म्हणतं तू जशी आहेस तशी मी तुला घडवलंय आणि खालचा ग्राफ म्हणतो घडवलंय खरं पण जरा जास्तच झालंय. हे दोन्ही एकाच स्क्रीनवर ठेवताना कोणाच्या डोक्यात काही आलंच नाही का हा मला पडलेला पहिला प्रश्न.

शिवाय बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा. नाव नोंदवताना उंची-वजन विचारतात आणि लगेच एक रंगीत पट्टी येते. आता हे गणित १८३०च्या दशकात ॲडॉल्फ केटेले नावाच्या बेल्जियन माणसानं मांडलं, तो डॉक्टर नव्हता, खगोल आणि सांख्यिकीवाला होता, आणि त्याला हवा होता लोकसंख्येचा ‘सरासरी माणूस’. बीएमआय हे नाव तर १९७२ मध्ये आलं, अँसेल कीज या अमेरिकन संशोधकामुळे, तेही मोठ्या गटांचा अभ्यास करण्यासाठी. डॉक्टर लोक वापरतात, ठीक आहे, त्यांच्या हातात बाकीचे रिपोर्ट पण असतात. पण थायरॉइड असलेली बाई, स्टेरॉइडवर असलेला पेशंट, नुकतीच बाळंत झालेली, व्यायामानं कमावलेला माणूस, सगळ्यांना एकाच पट्टीवर उभं करून मग त्यावर ‘तुझं शरीर मंदिर आहे’ असा शिक्का मारायचा, हे काही मला पटलं नाही.

आता त्या मंदिराबद्दल. हे वचन नसलेला असला कोर्स मी अजून पाहिलेला नाही. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ६, तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात. कोर्समध्ये पहिला पूर्ण आठवडा यावर आहे आणि सगळा अर्थ असा की मंदिर नीटनेटकं ठेवा, म्हणजे बारीक व्हा. अहो पण हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे जारकर्माबद्दल, म्हणजे अनैतिक शरीरसंबंधांबद्दल बोलतोय! करिंथच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, काही जण म्हणत होते की शरीराचं काय, ते नाश होणारच आहे, त्याच्याशी काहीही केलं तरी चालतं, आणि पौल त्यांना म्हणतो नाही, शरीर प्रभूसाठी आहे आणि प्रभू शरीरासाठी. कंबरेचा घेर हा मुद्दाच नाहीये तिथे. त्याच पत्रात थोडं मागे, तिसऱ्या अध्यायात, मंदिर म्हणजे अख्खी मंडळी, तुम्ही सगळे मिळून. आणि पुढे बाराव्या अध्यायात तर तो म्हणतो की शरीराचे जे अवयव दुबळे वाटतात तेच अधिक गरजेचे आणि जे आपल्याला कमी मानाचे वाटतात त्यांनाच आपण जास्त मान देतो. बॉडी इमेजवर कोर्स काढायचा आणि हा उतारा घ्यायचाच नाही, हे कसं काय?

पौलाचंच अजून एक. करिंथकरांस दुसरं पत्र, दहावा अध्याय, तिथे त्याचे विरोधक त्याच्याबद्दल काय बोलायचे ते त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय, पत्रं वजनदार आणि जोरदार, पण प्रत्यक्ष बघाल तर देहानं दुबळा आणि बोलणं टाकाऊ. म्हणजे दिसण्यावरून टोमणे त्याला पण होते. गलतीकरांना तर सांगतो की मी पहिल्यांदा तुम्हाला सुवार्ता सांगितली ती आजारपणामुळे, आणि माझ्या शरीराची अवस्था बघून तुम्ही मला तुच्छ मानलं नाही. मग त्या शरीरातला काटा, जो काढून टाक म्हणून त्यानं तीनदा विनंती केली आणि उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे. ‘आधी आणि नंतर’च्या फोटोत पौल कुठे बसवणार? त्याचं ‘नंतर’ आलंच नाही. कोर्समध्ये मात्र पौल येतो तो फक्त ‘मी माझं शरीर कुदलतो आणि दास करून ठेवतो’ एवढ्यापुरता, धावण्याच्या बुटांच्या चित्रासकट.

शमुवेलचा धडा बरा होता. संदेष्टा शमुवेल इशायच्या घरी नवा राजा निवडायला जातो, थोरला मुलगा अलियाब उंचापुरा, शमुवेलला वाटतं हाच असणार, आणि देव म्हणतो त्याचं रूप बघू नको, माणूस बाहेरचं बघतो, परमेश्वर हृदय बघतो. ऑडिओतल्या ताई छान सांगतात, आवाजात ओलावा आहे, उगाच ओरडून प्रेरणा देत नाहीत. फक्त एक गंमत त्यांनी सोडून दिली. पाचच वचनांनी पुढे ज्याची निवड होते तो धाकटा दावीद येतो आणि शास्त्र स्वतःच सांगतं की तो तांबूस, सुंदर डोळ्यांचा, दिसायला देखणा होता! म्हणजे लेखकालाही राहवलं नाही बहुतेक. मला हे खूप आवडतं, कारण त्यातून असं दिसतं की देखणेपणाला पवित्र शास्त्र पाप म्हणत नाही, फक्त त्यावर निवड होत नाही. आणि दुसऱ्या टोकाला यशया ५३, दुःख भोगणारा सेवक, ज्याला रूप नाही, सौंदर्य नाही, बघून मन ओढावं असं काही नाही. ख्रिस्ती माणूस ज्याला प्रभू म्हणतो त्याचं हे वर्णन. ह्यावर एक आख्खा आठवडा सहज झाला असता, त्यांनी एक ओळ टाकली.

दुसऱ्या आठवड्यात इतिहासाची एक ध्वनिफीत आहे ती मात्र ऐकाच. देह वाईट आणि आत्मा चांगला ही शिकवण पहिल्या काही शतकांतच मंडळीनं कशी नाकारली, योहानाच्या पत्रात येशू ख्रिस्त देहानं आला हे कबूल करणं हीच आत्म्याची परीक्षा कशी ठरते, आणि मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत, आपण आत्म्याच्या अमरत्वावर न थांबता देहाचं पुनरुत्थान असं का म्हणतो. मग एकोणिसावं शतक, १८४४ मध्ये लंडनला वायएमसीए ही तरुणांची ख्रिस्ती संघटना, १८९१ मध्ये तिच्यातल्याच ल्यूथर ग्यूलिक यांनी सुचवलेला आत्मा-मन-शरीर असा त्रिकोण, त्याच वर्षी त्यांच्याच संस्थेत जेम्स नेस्मिथनी बास्केटबॉल शोधून काढला. धट्टाकट्टा तोच चांगला ख्रिस्ती, ही हवा तिथून जोरात वाहायला लागली. पुढे १९५०च्या दशकात अमेरिकेत प्रार्थना करून वजन घटवायची पुस्तकं आली आणि मग कार्यक्रमच कार्यक्रम. हे ऐकून मला वाटलं, वा, आता हे स्वतःच्या ग्राफकडे पण जरा त्याच नजरेनं बघतील. पण छे. पुढच्या स्क्रीनवर परत लाल ठिपका.

तिसरा आठवडा आरशाचा. रोज आरशासमोर उभं राहायचं आणि एकेका अवयवाबद्दल देवाचे आभार मानायचे, केसांपासून सुरुवात. ग्रुपमध्ये काही जणींना ह्याचा खरंच फायदा झाला, एकजण तर रडली, मी त्यांचं कमी लेखत नाही. पण मला स्वतःला दोनतीन दिवसांतच कंटाळा आला. कारण शरीराचा राग करा नाहीतर त्याच्यावर प्रेम करा, माणूस शेवटी आरशासमोरच उभा. दिवसभर डोक्यात मी, माझी कातडी, माझं पोट, आता फक्त मंजूर आहे असं म्हणायचं. आणि कर्करोगातून उठलेल्या, एक स्तन काढलेल्या बाईनं त्या दिवशीच्या कार्डावर काय लिहायचं, किंवा ज्याला जन्मापासून पाय हलवता येत नाही त्यानं? कार्डावर जागा दोन ओळींची आहे. पुनरुत्थित येशूच्या अंगावर खिळ्यांचे व्रण तसेच होते, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्यानं तेच दाखवले, हे कोणीतरी त्या कार्डावर लिहायला हवं होतं.

उपासाचा चौथा आठवडा. इथे मी सरळ एक स्टार कापलाय. ख्रिस्ती उपास म्हणजे काय हे मत्तय ६ मध्ये स्पष्ट आहे, डोक्याला तेल लाव, तोंड धू, कोणाला कळू देऊ नको. यशया ५८ तर त्याच्याही पुढे, मला पसंत असलेला उपास म्हणजे भुकेल्याला तुझं अन्न वाटून दे, उघड्याला वस्त्र दे. कोर्सनं काय केलं, तर उपासाचे तास मोजणारं घड्याळ दिलं, ग्रुपमध्ये कोणाचे किती तास झाले ते सगळ्यांना दिसतं, आणि जास्त तासवाल्याला मुकुटाचं चिन्ह. मत्तय ६ च्या बरोबर उलट! वर ‘उपासानं आत्मिक विजय आणि फिटनेस दोन्ही’. उपास हा उपास आहे, त्याला डाएटचं जोडनाव कशाला?

आणि हे नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. खाण्याचे विकार असलेल्या माणसाच्या हातात असं घड्याळ देणं धोक्याचं आहे. ॲनोरेक्झिया, म्हणजे वजनाच्या भीतीनं खाणंच टाळण्याचा विकार, हा मानसिक आजारांमध्ये सगळ्यात जास्त जीव घेणाऱ्यांपैकी एक, तो पुरुषांनाही होतो आणि बघून ओळखू येईलच असं नाही. आजारी माणसाला उपासाचं बंधन कॅथलिक मंडळी पण घालत नाही, त्यांच्या नियमात तर वयाचीच अट आहे, १८ पुरी झाल्यापासून ५९ पुरी होईपर्यंत. ॲपमध्ये मात्र तुम्हाला मधुमेह आहे का, गरोदर आहात का, पूर्वी खाण्याचा विकार होता का, ह्यातलं एकही विचारत नाहीत. कडक उपास करणारी सिएनाची संत कॅथरीन १३८० साली वारली, वय ३३, शेवटी शेवटी तिच्या पोटात जवळपास काही टिकत नव्हतं, आणि तिचे पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरूच तिला खा म्हणून सांगत होते. सहाशे वर्षांपूर्वीच्या धर्मगुरूंना जे कळत होतं ते ॲप बनवणाऱ्यांना कळू नये? फ्रान्सिसचं पण तेच. असिसीचा फ्रान्सिस आपल्या शरीराला ‘गाढवभाऊ’ म्हणायचा, खूप राबवलं त्याला, आणि मरणाच्या आधी त्याच शरीराची माफी मागितली अशी आठवण त्याच्या चरित्रकारांनी दिलीय.

एवढं सगळं बोलून आता चार स्टारचा भाग. पाचव्या आठवड्यात कोर्सचा सूरच बदलतो, बहुधा लिहिणारी व्यक्तीच वेगळी असणार. पहिल्याच दिवशी सूचना येते की आज आरसा नको, आज हात बघा आणि ह्या हातांनी आज कोणाचं काय केलं ते लिहा. बस एवढंच. योहान १३, पाय धुणं. ऑडिओ म्हणतो की त्या रात्री येशूला सगळं ठाऊक होतं, आपण कुठून आलो आणि कुठे चाललो, म्हणून तो कमरेला रुमाल बांधून खाली बसू शकला. ज्याला स्वतःबद्दल काही सिद्ध करायचं नाही त्यालाच वाकता येतं. हे मला भिडलं, कारण बॉडी इमेजचं सगळं दुखणं सिद्ध करण्याचं आहे ना, कोणाला तरी दाखवून द्यायचं की मी बघण्यालायक आहे. मग बेथानीची ती बाई, मोलाचं सुगंधी तेल येशूच्या मस्तकावर ओतणारी, आणि येशू म्हणतो तिनं माझ्या शरीराची पुरण्यासाठी तयारी केली. येशूला पुरणारा अरिमथाईकर योसेफ, तागाचं वस्त्र घेऊन. पहाटे कबरेकडे निघालेल्या बायका, सुगंधी द्रव्यं घेऊन. सगळं प्रेम कसं शरीराला हात लावून केलेलं. बारीक-जाड, गोरं-काळं हा शब्दच कुठे येत नाही.

त्या आठवड्याच्या कॉलवर एक काकू बोलल्या, इतके दिवस कॅमेरा बंद करून बसायच्या. म्हणाल्या, “माझे दंड जाड आहेत म्हणून मी बिनबाह्यांचं कधी घातलं नाही. पण सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून त्यांना उचलून खुर्चीत मीच बसवते, बारीक दंड असते तर कोणी बसवलं असतं?” आणि हसल्या. सगळे हसले. आख्खा आठवडा आरशासमोर जे झालं नाही ते त्या एका वाक्यात झालं, असं मला तरी वाटलं.

आणि नेमकं तिथेच लीडर ताईंनी घोळ घातला. काकू पुढे हेही म्हणाल्या होत्या की कंबर गेलीये, रात्री तीनदा उठावं लागतं, स्वतःच्या तपासण्या राहिल्यात. ताई म्हणाल्या, “काकू, प्रभू तुमचा त्याग बघतोय, हीच खरी निःस्वार्थ प्रीती, आमेन.” आणि पुढच्याला बोलायला सांगितलं. घरात अजून कोण आहे, नवरा एक रात्र उठतो का, नणंद येते का, कोणी म्हणजे कोणी विचारलं नाही. मंडळीतल्या कोणी आठवड्यातून दोन तास जाऊन बसेल का, हे तर लांबच.

सहावा आठवडा निःस्वार्थ प्रीतीवरच आहे आणि लिहिलाय चांगला, पण ऐकणारे कोण आहेत ते बघून नाही लिहिलेला. स्वतःला विसरा, स्वतःला रिकामं करा. बरोबर, फिलिप्पैकरांस दुसरा अध्याय, देवाच्या स्वरूपाचा असूनही त्यानं स्वतःला रिक्त केलं. पण ते त्यानं आपण होऊन केलं. योहान १० मध्ये तो सांगतोच की माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. ज्या बाईकडून घरातल्या सगळ्यांनी वर्षानुवर्षं काढूनच घेतलंय, जिला कधी विचारलंच नाही, तिला अजून रिकामी हो असं सांगणं म्हणजे प्रीतीचा उपदेश की घरच्यांची सोय? शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर असं आहे, स्वतःच्या जागी नाही. इफिसकरांच्या पत्रात पौल सहज म्हणून जातो की कोणी आपल्या देहाचा द्वेष करत नाही, त्याचं पालनपोषण करतो. संदेष्टा एलीया जीव नकोसा होऊन झुडपाखाली पडला तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश नाही केला, उठ, खा म्हणाला, मग झोपू दिलं, मग परत खायला दिलं. शिष्य दमून आले, जेवायलाही सवड नव्हती, तर येशू म्हणाला एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या. हे उतारे कोर्समध्ये नाहीत. आणि गंमत म्हणजे उपासाचं घड्याळ मात्र सहाव्या आठवड्यातही चालूच.

घ्यावा का? ज्यांना मंडळीत किंवा घरात दिसण्यावरून बोलणी खावी लागलीत, आणि आपल्या शरीराबद्दल देवासमोर कधी मोकळं बोलताच आलं नाही, त्यांनी दुसरा आठवडा आणि पाचवा घ्या, बाकी चाळा. तरुण मुलांना पण द्या, हे ‘बायकांचं’ म्हणून बाजूला ठेवू नका, व्यायामशाळेत छाती मोजत बसणाऱ्या पोरांचा त्रास काही वेगळा नाहीये. घरी कोणाची शुश्रूषा करताय तर सहावा आठवडा एकट्यानं ऐकू नका, ज्यांनी तुमच्या वाटणीचं थोडं उचलायला हवं त्यांना शेजारी बसवून ऐका. खाण्याचा विकार आहे, होता किंवा शंका आहे, तर अजिबात नको, आधी डॉक्टर आणि समुपदेशक, प्रार्थना त्यांच्याबरोबर चालू ठेवाच. मधुमेह किंवा कुठल्याही गोळ्या चालू असतील तर चौथा आठवडा सरळ सोडून द्या, कोणी विश्वास कमी म्हटलं तरी.

मंडळीसाठी सामूहिक नोंदणी करणार असाल तर दोन गोष्टी आधी लेखी विचारा, तासांची यादी सगळ्यांना दिसणं बंद करता येतं का, आणि ग्रुप लीडरला नेमकं काय प्रशिक्षण दिलंय. मला दुसऱ्याचं उत्तर ‘आमचे सगळे लीडर प्रार्थनाशील आहेत’ असं आलं. पहिल्याचं अजून आलेलं नाही. वजनाचा ग्राफ बंद होतो, पण सेटिंग्जमध्ये प्रोफाइल, मग ध्येय, मग ‘ध्येय नाही’ असं निवडावं लागतं, आणि त्यावर ते तुम्हाला नक्की का असं दोनदा विचारतात, दोन्ही वेळा हो म्हणा. आणि सहा आठवडे संपले की सबस्क्रिप्शन आपोआप पुढे चालू राहतं, ते शेवटच्या आठवड्याच्या आतच बंद करा, नंतर पैसे परत मिळत नाहीत.